डबी भरल्याशिवाय पोहे नाहीत

अल्का रामटेकेला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर तो 'हंड्रेड पर्सेंट' या दोन शब्दांचा. तालुक्याची क्षयरोग पर्यवेक्षक म्हणून तिला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती, आणि या वर्षांत जिल्ह्याहून आलेला एकही फोन या दोन शब्दांशिवाय संपला नव्हता. घरोघरची तपासणी हंड्रेड पर्सेंट. गोळ्या हंड्रेड पर्सेंट. फोटो तर त्याहूनही जास्त. माणसं मात्र शंभर टक्के कुठेच सापडत नसत. कोणी धान कापायला गेलेलं, कोणी मजुरीला नागपूरला, कोणी सोयऱ्याकडे मंडईच्या जत्रेला. हे साहेबांना सांगून पाहावं तर साहेब म्हणत, तुम्ही कारणं फार सांगता.

यावेळचा फोन होता चिचगडच्या पुढे जंगलात असलेल्या मुलींच्या निवासी शाळेबद्दल. शाळेचं नाव इथे घेत नाही. नाव घेतलं की लोक तेवढंच ध्यानात ठेवतात आणि पोरींच्या सोयरिकीपर्यंत काढत बसतात. पावसाळ्यात या शाळेतली नववीची एक मुलगी खोकत खोकत घरी गेली, तिला टीबी निघाला. दिवाळीच्या तोंडावर दुसरी निघाली, तीही त्याच मोठ्या खोलीत झोपणारी. आता सगळ्या खोलीची तपासणी करणं आलंच. त्याबद्दल अल्काचं काही म्हणणं नव्हतं. उलट पहिल्या मुलीच्या वेळीच ती घसा फोडून सांगत होती, की त्या खोलीतल्या सगळ्यांना तपासा. तेव्हा कोणी कान दिला नाही. आता दिला तर असा दिला.

"मॅडम, उस कमरे की सब लडकियों का सॅम्पल चाहिए," जिल्ह्याचे साहेब म्हणाले. "हंड्रेड पर्सेंट."

"सर, आधी एक्स-रे करू या ना," अल्का म्हणाली. "ज्यांच्या छातीत काही दिसेल, ज्यांना खोकला असेल, त्यांचीच थुंकी घेऊ. धडधाकट पोरीला बेडका येणार कुठून?"

"मशीन अर्जुनी मोरगाव साइड में है. कब आएगी पता नहीं. तब तक हम बैठे रहें क्या? ऊपर से पूछ रहे हैं."

वरून कोण विचारत होतं ते अल्काला कधीच कळलं नाही. वर म्हणजे नेमकं किती वर, हेही नाही. तिने फोन ठेवला, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्या मोजून पिशवीत भरल्या आणि स्कूटीला किक मारली. बटणावर ती सुरू होणं कधीच बंद झालं होतं.

शाळेचे मुख्याध्यापक भुवनेश्वर कटरे. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या वावरातली वांगी-कोथिंबीर पोरींच्या भाजीसाठी डिक्कीत घालून आणायचा. पण शाळेचं नाव खराब होईल या भीतीने त्याची झोप उडाली होती, आणि भ्यालेला माणूस जे करतो ते त्याने केलं. सकाळच्या प्रार्थनेत त्याने पोरींना बजावलं, की जिला जिला खोकला आहे तिला घरी धाडण्यात येईल आणि देवरीच्या क्रीडास्पर्धेतून तिचं नाव कटेल. त्यानंतर अल्का व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली आणि एकेकीला विचारू लागली, तेव्हा हा तिच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा.

"खोकला आहे का गं?"

"नाही जी."

"ताप येतो रात्री? वजन कमी झालं? भूक लागते?"

"भूक लागते जी," पोरी म्हणत आणि मागच्या पोरी हसत.

एकीलाही खोकला नव्हता. जिथं दोन पोरींना टीबी निघाला त्या खोलीत थंडीच्या दिवसांत कोणी साधं शिंकतही नव्हतं. अल्काने मान वळवून कटरेकडे पाहिलं. तो दूर छपराकडे पाहत होता. त्याला तिथून हाकलावं असं तिला फार वाटलं, पण शाळा त्याची, व्हरांडा त्याचा, खुर्चीही त्याची.

मग तिने डब्या वाटल्या. उद्या सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्याआधी, चूळ भरून, छातीतून खोल खोकून घट्ट बेडका काढायचा. तोंडातली लाळ नको. तिने स्वतः खोकून दाखवलं. पोरींनी नाकं मुरडली, एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या, आणि एकीने विचारलं, "अन् आलाच नाही त?"

"आला नाही तर नाही आला. तसं सांगायचं," अल्का म्हणाली.

"काऊन नाही येणार?" कटरे मधेच म्हणाला. "सगळ्यायले येते. मॅडम, तुमी काळजी नका करू. उद्या सगळ्या डब्या भरून भेटतील, माहा शब्द आहे."

अल्काने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण तिला अजून दोन गावं करायची होती, ऊन उतरत होतं, आणि शब्द देणारा माणूस तिच्या नोकरीत क्वचितच भेटत असे. ती निघून गेली.

कटरेने शब्द पाळला. पाळला तो असा. पहाटेच त्याने जेवणाच्या खोलीच्या दारात बाक टाकला, त्यावर स्वतः बसला आणि जाहीर केलं, की डबी भरल्याशिवाय पोहे नाहीत. आत कढईत पोहे परतले जात होते, चण्याचा रस्सा उकळत होता, आणि बाहेर पोरी थंडीत ओढण्या गुंडाळून हातात रिकाम्या डब्या घेऊन खोकण्याचा प्रयत्न करत होत्या.

अल्का पोहोचली तेव्हा बाकावर डब्यांची ओळ लागलेली. आणि नुसत्या लाळेच्या नव्हेत. काही डब्यांत तर अगदी हवा तसा, घट्ट, पिवळसर नमुना. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सांगितलेलं काम सांगितलेल्या वेळेत करून ठेवलं होतं. तिला इतकं बरं वाटलं, की ती त्या पोरींना "शाब्बास" म्हणाली. पटल्याची रिंकी, कबड्डीच्या टीमची कॅप्टन, भरल्या गालांची, शाब्बास ऐकून खाली पाहू लागली. लाजली असेल, अल्काला वाटलं.

ओळीच्या शेवटी एक किडकिडीत पोरगी उभी होती. तिची डबी अल्काने उजेडात धरली, तर आत नुसतं पाणी.

"नाव काय तुझं?"

"शामकला शहारे."

"ही लाळ आहे, शामकला. काल एवढं घसा फोडून सांगितलं ते कोणाला सांगितलं? या सगळ्यांना जमलं, तुलाच काय झालं? लक्ष कुठे असतं तुझं?"

बाजूला उभ्या असलेल्या रिंकीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कटरे म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, एखादी राहतेच तशी," आणि ती डबीही त्याने बाकीच्यांबरोबर पिशवीत ठेवली, कारण आकडा पूर्ण व्हायला हवा होता. पोहे मात्र तिला मिळाले नाहीत. नियम म्हणजे नियम.

थुंकी तपासणाऱ्या मशीनने निकाल दिले तेव्हा अल्का चहा पीत होती. तो चहा तसाच गार झाला. आठ मुली पॉझिटिव्ह. एका खोलीतल्या आठ.

साहेबांचा फोन लगेच आला, आणि साहेबांचा आवाज चक्क खूश होता. "देखा मॅडम? हंड्रेड पर्सेंट किया तो निकला ना! आप तो बोल रही थीं एक्स-रे, एक्स-रे."

आठ पोरींच्या छातीत टीबी आहे हे ऐकून खूश होणाऱ्या माणसाला अल्काने "हो सर" म्हटलं.

मग जो गोंधळ उडाला तो उडाला. आठ जणींना वेगळ्या खोलीत ठेवलं. निगेटिव्ह आलेल्या सगळ्यांना कटरेने घरी पाठवून दिलं. मंडईचे दिवस होते, पोरी तशाही जायच्याच होत्या, आणि शाळा जितकी रिकामी तितका त्याच्या जिवाला घोर कमी. आठ जणींचे आईबाप येऊन धडकले. रिंकीचे वडील लक्ष्मीचंद पटले पांढऱ्या गाडीतून उतरले, आठ एकर धानाचे धनी, आणि व्हरांड्यातूनच ओरडू लागले.

"आमच्या खानदानीत कोनाले टीबी नाही! माही पोरगी घरचा दूध-तूप खाते. हे कोनी लावलन तिले? कोन्या पोट्टीनं लावलन, तिचा नाव सांगा मले!"

"असं नाव नसतं काका," अल्का म्हणाली. "हवेतून पसरतं ते. औषध घेतलं की पूर्ण बरं होतं."

"तुमी नका सांगू मले. पुढच्या साली पोरीची सोयरीक पाहून राहिलो मी."

"पोरगी दहावीत आहे काका!"

"मंग का झाला?"

असल्या माणसाशी डोकं लावायचं आणि त्याच वेळी त्याच्या पोरीला सहा महिने गोळ्या घ्यायला राजी करायचं, हे अल्काचं काम. पगार याच कामाचा होता.

पण आतून तिला काहीतरी टोचत होतं. त्या आठ जणींचं तिने वजन केलं, सगळ्यांचं वाढलेलं. एकीलाही ताप नाही, एकीलाही रात्रीचा घाम नाही. बाहेर सोडलं तर कबड्डी खेळतील अशा पोरी. टीबी लपूनही राहतो, हे तिला ठाऊक होतं. कधी कधी बिलकूल खोकला नसतो. पण आठही जणींना नसावा? तिने साहेबांना विचारलं, पुन्हा नमुने घेऊ का. साहेब म्हणाले, मशीनपर भरोसा नहीं है क्या, दवाई शुरू करो.

तिने गोळ्यांची पाकिटं घेतली आणि पहिला डोस द्यायला शाळेत गेली. सात जणी ओळीत बसल्या, हातात पाण्याचे पेले. रिंकी मात्र खिडकीपाशी उभी राहिली ती जागची हलेना.

"ये गं. किती वेळ?"

"मी नाही खात."

"काय झालं? कडू नाही लागत, पटकन गिळायची."

"मी नाही खात मॅडम." आणि ती धाय मोकलून रडायला लागली. "ते माहा नोहोय!"

"काय तुझं नाही?"

"डबीतला. तो माहा नोहोय."

बाकीच्या सात जणींनी पेल्यात डोळे घातले. अल्काने दार लोटून घेतलं आणि सतरंजीवर त्यांच्यात बसली. तिने आवाज चढवला नाही. चढवावासा फार वाटत होता, पण कोणावर चढवायचा ते अजून ठरत नव्हतं.

"कोणाचा आहे?"

रिंकीच नाक पुसत म्हणाली, "आमाले येतच नोहोता मॅडम. लय खोकलो, नुसता थुका ये. अन् पोह्याचा वास येऊन राहिला होता. कटरे सर दारात बसून. मंग आमी तिले म्हटलो, तुले त येते, आमाले बी दे. ते म्हनली, आना, मी भरून देतो."

"आठही डब्या?"

"हो जी. संडासाच्या मागं नेल्लो तिले. एकेक करून भरलन. मंग तिच्या डबीच्या पारीले काहीच उरला नाही. लय खोकली, पन पानीच आला."

अल्काला आता नाव विचारायची गरज नव्हती. उजेडात धरलेली ती डबी तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि स्वतःचा आवाज कानात आला. या सगळ्यांना जमलं, तुलाच काय झालं? तिला इतकी शरम वाटली, की तिने हातातली पाकिटं खाली ठेवली.

"मग एवढे दिवस गप्प का बसलात?"

"तिनं शपथ घातली आमाले," दुसरी एक पोरगी म्हणाली. "खोकला आहे म्हनून समजलं त सर घरी धाडतील, अन् तिचा बाप मंग पाठवत नाही म्हने शाळेत."

"अन् दुसरा असा का मॅडम," रिंकी अडखळत म्हणाली, "आमी तिले रोज राती बोलत होतो. झोपू देत नाही म्हनून. चपला बी फेकून मारल्या एकदोनदा. अन् तिनं आमच्या डब्या भरून देल्ल्या. मंग तिचा नाव कोन्या तोंडानं सांगाव? त्या दिवशी आमी आमच्यातले पोहे तिले देल्लो. तिनं नाही खाल्ले पन. भूक नाही म्हनली."

अल्काने आठही पाकिटं पिशवीत परत घातली. "आज गोळ्या नाहीत कोणाला," ती म्हणाली. "जा, तोंडं धुवा." आणि दार उघडून तिने कटरेला सगळं सांगितलं. कटरेचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मी त आपला चांगल्यासाठी म्हटलो होतो, पोहे." अल्काला त्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली, आणि दोन्ही एकदम वाटल्याने ती आणखीच चिडली.

"शामकला कुठे आहे?"

"ते? ते त निगेटिव्ह होती न. घरी गेली. तिच्या गावची मंडई आहे आज."

तिने साहेबांना फोन लावला.

"मॅडम, मशीन झूठ नहीं बोलती," साहेब म्हणाले.

"मशीन खरंच बोलते आहे सर. डब्यांवरची नावं खोटी आहेत."

"ऐसा कैसे हो सकता है? बच्चे ऐसा कायको करेंगे?"

"पोह्यासाठी, सर."

साहेब म्हणाले, की आठही नावं पोर्टलवर चढली आहेत, वर आकडा गेला आहे, आता तुमच्या तोंडच्या गोष्टीवर मी तो परत कसा घेऊ? आधी त्या पोरीचा नवा नमुना आणा, तो पॉझिटिव्ह येऊ द्या, मग आठ जणींचं पुन्हा पाहू. तोपर्यंत त्या पोरीला औषधही देता येत नाही, कारण कागदावर ती निरोगी आहे.

"आणि ती नाही म्हणाली तर सर?"

"तो समझाओ. आपका काम है."

शामकलाचं गाव डांबरी रस्ता सोडून बरंच आत होतं. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या, बांध्यांतून पाखरं उडत होती, आणि गाव यायच्या आधीच भोंगा ऐकू येऊ लागला. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते, आणि ज्या गावची मंडई त्या गावात त्या दिवशी प्रत्येक घरी पाहुणे मावत नाहीत. ऊस, शिंगाडे, जिलेबी, फुगे, पाळणा. चौकात रात्रीच्या दंडारीच्या नाटकासाठी मंडप घालणं चाललं होतं. त्या गर्दीतून स्कूटी ढकलत नेताना अल्काच्या मनात एकच हिशेब चालू होता, की या सगळ्या पाहुण्यांपैकी कितीजण शामकलाच्या घरी असतील आणि रात्री तिच्या शेजारी झोपतील.

देवीदास शहारेचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. ओसरीवर पाहुण्यांची पंगत बसलेली, आतून तळणाचा वास. शामकला वाढत होती. एका हातात वड्यांची परात, दुसऱ्या कडेवर दोनेक वर्षांचा भाऊ. अल्काला पाहताच ती जागच्या जागी थांबली. मग तिने तोंड खांद्यात खुपसलं आणि खोकली, दबका, सवयीचा खोकला. कडेवरचं पोरगं तिच्या गळ्यातल्या माळेशी खेळत होतं.

"या, या मॅडम!" देवीदास हात पुसत पुढे आला. साधा, हसरा माणूस. "बसा, जेवा. पाहा बाप्पा, शाळेच्या तपासनीवाल्या मॅडम आल्या! यायनंच लिहून देल्ला माह्या पोरीले." आणि खिशातून घडी केलेला निगेटिव्हचा रिपोर्ट काढून त्याने तो पाहुण्यांपुढे धरला. पाहुण्यांनी तो आधीही पाहिला असावा, कारण कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

अल्काने त्याला घरामागे नेलं. तिथं तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता आणि भोंग्याचा आवाज जरा कमी होता. तिने सांगितलं, की तो कागद चुकीचा आहे.

देवीदासचं हसू गेलं. "चुकीचा म्हंजे?"

"शामकलाच्या डबीत नुसतं पाणी होतं. ते मशीनला लावायलाच नको होतं. चूक आमची आहे, माझी आहे. मला तिचा नमुना पुन्हा पाहिजे."

"मॅडम, शाळेत टीबी निघाला म्हंतल्यावर शेजारचे आमच्या बोरिंगवर येत नोहोते. मी हा कागद घरोघरी दाखवलो. आज पाहुने जेवून राहिले त ह्या कागदाच्या भरवशावर. अन् तुमी म्हनता चुकीचा?"

"हो."

"मंग उद्या दुसरा आनाल, परवा म्हनाल तोही चुकीचा. कोन्या कागदावर भरवसा ठेवाव आमी?"

अल्का बोलायला गेली असती तर त्याच्याच बाजूने बोलली असती. सगळा राग कुठेतरी काढावा म्हणून ती एवढ्या लांब आली होती की काय कोण जाणे, पण या माणसावर तो काढता येत नव्हता.

"हा खोकला कधीपासून आहे तिला?" तिने विचारलं.

"थंडीचा आहे."

"थंडी आत्ता पडली. कधीपासून आहे?"

देवीदासने तणसाची एक काडी ओढली आणि तिचे तुकडे करत राहिला. "राखीले आली तवा बी होता," तो शेवटी हळूच म्हणाला. "मले वाटला, बदलल्या पान्याचा असंन."

"औषध फुकट आहे. पूर्ण बरी होईल. शाळेतून तिला काढू देणार नाही मी, कटरे सरांना सांगून आले आहे. पण आज नमुना घेतला नाही तर ती उद्याही त्या लहान्याला कडेवर घेऊन फिरेल. त्याला झालं तर ते त्याला झेपायचं नाही, दादा. एवढं ऐका."

मागच्या दारात शामकला कधी येऊन उभी राहिली होती ते दोघांनाही कळलं नाही. भाऊ तिने आत कोणाकडे तरी देऊन टाकला होता.

"बाबा, मी देतो," ती म्हणाली.

देवीदासने तिच्याकडे पाहिलं, मग ओसरीच्या दिशेने, जिथून कोणीतरी "देवीदास गा, भात आन!" म्हणून हाका मारत होतं. "लवकर करा," तो म्हणाला. "कोनाले दिसू देऊ नका." आणि तो डोळे पुसत आत गेला.

दोघीच उरल्या. अल्काला वाटलं, आता या पोरीची माफी मागावी. पण चौदा वर्षांच्या पोरीची माफी मागताना कुठून सुरुवात करतात ते तिला ठाऊक नव्हतं. तिने नुसतं विचारलं, "त्या दिवशी मला सांगितलं का नाहीस गं? मी एवढी बोलले तुला."

शामकलाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "सगळ्या रागावत होत्या मले रोज, माह्या खोकल्यापायी. त्या दिवशी पयल्यांदा मागून राहिल्या होत्या. शामकला मले दे, शामकला मले दे. मले बेस वाटला मॅडम."

अल्काने तोंड फिरवून पिशवी उघडली. एक डबी काढली, झाकण सैल केलं, चूळ भरायला पाण्याची बाटली दिली. पोरीपासून जरा लांब, वारा येत होता त्या बाजूला उभी राहिली. खोल श्वास घे, धर, मग खोक, असं सांगायला लागली, पण सांगायची गरज नव्हती. शामकलाने तणसाच्या ढिगाला एक हात टेकला, वाकली आणि खोकली. छाती फाटेल असं ती खोकत राहिली. पाठीची हाडं कुडत्यातून वर-खाली होताना दिसत होती. चौकातल्या भोंग्यावर कोणीतरी दंडारीच्या पात्रांची नावं वाचून दाखवत होतं.

डबी हवी तेवढी भरली. पोरीने झाकण घट्ट लावलं, बाहेरून ओढणीने पुसली आणि ती दोन्ही हातांनी अल्काच्या पुढे धरली.

"हे कोनाच्या नावाची?" तिने विचारलं.

अल्काला आधी समजलंच नाही.

"बाकीच्या आना जी लवकर," शामकला हात पुढे करून म्हणाली. तिला दम लागला होता आणि ती चक्क हसत होती. "आता मस्त येऊन राहिला. या पारी सगळ्यायच्या भरून देतो, अन् माही बी."

अल्काने पेन काढलं. डबी गुडघ्यावर टेकवली आणि चिकटपट्टीवर सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं, शामकला देवीदास शहारे. लिहिलेलं तिने पोरीला वाचून दाखवलं.

"एकच आहे," ती म्हणाली. "तुझीच."

शामकलाचा पुढे केलेला हात तरीही थोडा वेळ तसाच राहिला.